मंगळवार कधी लागतो

मंगळवारी सकाळी साडेसहाला मुरुमात नळाला पाणी आलं आणि त्याच्या पाठोपाठ बातमी आली. पाणी आठ दिवसांनी आलं होतं, त्यामुळं पहिली वीस मिनिटं बातमीकडं कुणी बघितलं नाही. घागरी, पिंप, पातेली, शेवटी लेकरांच्या पाण्याच्या बाटल्यासुद्धा भरून झाल्यावर आमच्या गल्लीनं टीव्ही लावले, तेव्हा पडद्यावर एक विमान तुटून समुद्रात पडत होतं. ते खरं विमान नव्हतं, चॅनलनं कॉम्प्युटरवर काढलेलं होतं. पण ते दर वीस सेकंदांनी नव्यानं पडत होतं.

बातमी एवढीच होती की आखातातून हैदराबादला येणारं प्रवासी विमान मध्यरात्री उडालं आणि तासाभरानं क्षेपणास्त्र लागून पडलं. आत एकशे सत्त्याऐंशी माणसं होती. कुणी पाडलं, का पाडलं, चुकून की ठरवून, हे चॅनलला अजून कळलेलं नव्हतं. मुरुमात ते सव्वासातपर्यंत कळलं. बसस्थानकासमोरच्या हॉटेलात ते एका देशानं पाडलं आणि समोरच्या पानटपरीवर दुसऱ्यानं. दोन्हीकडच्या मंडळींनी त्या त्या देशाला धडा कसा शिकवायचा तेही ठरवून टाकलं. रस्ता ओलांडून कुणी जात नव्हतं, म्हणून भांडण झालं नाही.

मग कुणाला तरी मल्हार आठवला.

मल्हार दुधभाते हा गल्लीच्या टोकाच्या घरातला, सिदू आणि हरणाबाईचा एकुलता एक. बापाच्या मेंढरांमागं फिरायचं नाही म्हणून तीन वर्षांपूर्वी तिकडं क्रेन चालवायला गेला होता. करार संपवून तो परत यायचा होता, हैदराबादच्या विमानानं, मंगळवारी. हा वार गल्लीला तोंडपाठ होता, कारण महिनाभर हरणाबाई पीठ गिरणीत, दवाखान्यात, रेशनच्या रांगेत, जिथं दोन माणसं सापडतील तिथं तो सांगत होती.

आम्ही सगळे उठलो आणि तिच्या घराकडं निघालो. कुणी बोलावलेलं नव्हतं. पण अशा वेळी घरात बसून राहायला आमच्याकडं फार मोठं मन लागतं, आणि ते कुणाजवळच नव्हतं. सगळ्यांच्या पुढं सोमलिंग अप्पा होते. अप्पांचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि ते नगरपरिषदेला दोनदा पडलेले आहेत, त्यामुळं गल्लीतल्या प्रत्येक दुःखात ते पहिले पोहोचतात.

हरणाबाई चुलीपुढं धपाटी थापत होती. रात्री मल्हारला आणायला हैदराबादला जीप जायची होती, त्यात जाणाऱ्यांसाठी.

"हरणावैनी," अप्पा दारातूनच म्हणाले, "जरा हात धुऊन बाहेर या."

"काय झालं? मालक बरे हायती न्हवं?"

सिदू मेंढरं घेऊन माकणीकडं, धरणाच्या काठाला होता. ते बरे आहेत असं अप्पांनी सांगितलं आणि मग विमानाचं सांगितलं. आडून आडून सांगायचं ठरलं होतं, पण मागून चारपाच जण एकदम बोलल्यामुळं सगळं सरळच बाहेर पडलं.

हरणाबाईनं तव्यावरचं धपाटं उलटलं.

"वाईट झालं," ती म्हणाली. "लेकरंबाळं आसतील आत. पर त्ये मल्हारचं न्हवं. त्याचं आज रातीला हाय."

आमच्यात गुरुजी होते. शरणबसप्पा गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. मल्हारला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि मोबाइल पुढं धरला. मल्हारनं तिकिटाचा फोटो महिन्याभरापूर्वीच पाठवला होता आणि तो गल्लीतल्या सगळ्यांच्या फोनमध्ये होता.

"हे बघा हरणाबाई. वार मंगळवार. वेळ शून्य शून्य चाळीस. म्हणजे रात्री बारा वाजून चाळीस मिनिटं."

"तेच सांगायलेय की. मंगळवारी रातच्याला बारा चाळीस. आज मंगळवार. रात व्हायचीय अजून."

"तसं नसतं. मंगळवार मध्यरात्री बाराला लागतो. त्यामुळं शून्य चाळीस म्हणजे काल आपण सोमवारी जेवून झोपलो, त्यानंतरचे बारा चाळीस."

"सोमवारी जिवून निजल्यावर सोमवारचीच रात आसती."

"तारखेनं नाही."

"गुर्जी, दिस उगवल्याबिगर वार कसा बदलंल? आंधारात कुणाला दिसलं त्यो बदललेला?"

कुणीतरी मागं फसकन हसलं आणि लगेच खोकला काढला. गुरुजी मात्र हसले नाहीत. त्यांनी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं होतं आणि न समजणाऱ्याला दुसऱ्यांदा समजावणं हा त्यांचा स्वभाव झाला होता. त्यांनी धपाट्याच्या पिठात बोटानं रेघ ओढून अलीकडं सोमवार, पलीकडं मंगळवार दाखवला. हरणाबाईनं रेघ बघितली आणि त्या पिठाचा गोळा करून घेतला.

"मल्हार झाला ती रात रविवारची," ती म्हणाली. "पहाटं कोंबडं आरडायच्या आदी झाला. द्येवाचा वार, म्हणून मल्हार ठिवलं. तुमी शाळंत दुसऱ्या दिसाची तारीख लिवलात. म्या तवाच म्हणलं, गुर्जी, चुकलं. तुमी ऐकला न्हाईत."

"ते बरोबर होतं हो."

"आन् मग जीप?"

"काय जीप?"

"इमान काल रातचं आसतं तर जीप काल रातीला जायाला पायजे हुती. आज पहाटं त्यो तिथं उतरला आसता, उन्हात हुबा राहिला आसता. आप्पांनी जीप आज रातची का ठरीवली?"

सगळ्यांनी अप्पांकडं बघितलं. जीप अप्पांनीच ठरवली होती. पुढच्या सीटवर ते स्वतः बसणार होते, आणि गुरुजी मधल्या सीटवर. तिकीट सगळ्यांनी बघितलं होतं, झूम करून बघितलं होतं, आणि 'मंगळवारी रात्री' हा हिशेब महिनाभर कुणालाही खटकला नव्हता. आज सकाळी टीव्ही लागल्यावर एकाएकी सगळ्यांना मध्यरात्र कळली.

"आमचं चुकलं," अप्पा शेवटी म्हणाले. "पण वैनी, तो तीन वर्षं बाहेर राहिलाय. त्याला कळत असणार."

"त्यो माझा हाय," हरणाबाई म्हणाली. "त्याचा मंगळवार माझ्यापरीस येगळा कशाला आसंल?"

मल्हारला फोन लावला तर तो बंद. कंपनीचं सिमकार्ड जाताना जमा करावं लागतं, हे त्यानं आधीच सांगितलं होतं. पण आता बंद फोनचा अर्थ दुसरा लागला. "विमानात बंदच ठेवतात," एक जण हळूच म्हणाला, आणि ते वाक्य अंगणभर फिरून परत त्याच्याकडं आलं तेव्हा 'कंपनीनंच तसं कळवलंय' असं झालं होतं.

हरणाबाईच्या घरचा फोन एकच, आणि तो आता थांबेना. उमरग्याहून, लातूरहून, पार अक्कलकोटकडून पाहुणे फोन करत होते. सगळे एकच विचारत होते की मल्हारचा काही फोन आला का. फोन असा सारखा गुंतलेला असताना मल्हारचा आला असता तरी तो लागला कुठून असता, हा प्रश्न कुणाला पडला नाही. "तुम्ही नका त्रास करून घेऊ," म्हणत अप्पांनी फोन आपल्याकडं घेतला आणि दारात खुर्ची टाकून बसले. तासाभरात त्यांचा आवाज बसला, पण तोंडावर तेज आलं.

नऊ वाजता यादी आली. कुठून आली ते माहीत नाही, आमच्याकडं ती एका लग्नाच्या ग्रुपवरून आली. नावं इंग्रजीत होती. गुरुजींनी बोट खाली खाली सरकवत नेलं आणि एका जागी थांबवलं.

"दुधभाते मल्हार. तेवीस क."

आतून भाकरी थापल्यासारखा चटचट आवाज येत होता. ती अजून धपाटीच करत होती.

यादी तिकीट काढलेल्यांची आहे की विमानात चढलेल्यांची, हे विचारायला हवं होतं. आमच्यातले निम्मे पदवीधर आहेत. कुणी विचारलं नाही. इतका वेळ आम्हाला नेमकं काय वाटून घ्यायचं ते कळत नव्हतं, आणि छापील नाव दिसल्याबरोबर सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. दोन माणसं सिदूला आणायला मोटरसायकलवर माकणीकडं गेली. काहींनी स्टेटस ठेवलं. रुद्रेशनं दुकान उघडलं.

रुद्रेशचं फ्लेक्सचं दुकान आहे. मल्हारचा फोटो त्याच्याकडं तयारच होता, गॉगल लावून क्रेनला टेकलेला, कारण चौकात 'सहर्ष स्वागत' लावायचं आधीच ठरलं होतं. त्यानं पाठीमागचा केशरी रंग काढून निळा केला आणि मजकूर विचारायला आला.

"गॉगल काढता येत न्हाय, अप्पा. खाली डोळं न्हाईत."

"असू दे. पण निधन नको लिहू. वीरमरण लिही."

"त्यो मिल्ट्रीत न्हवता की."

"क्षेपणास्त्र लागलंय त्याला. साधं निधन कसं म्हणतोस?"

साडेनऊला केशरबाई टोपली घेऊन आल्या. केशरबाई शेजारच्या. वरून धुतलेल्या धडप्यानं झाकलेल्या टोपलीत भाकरी आणि पातेल्यात पिठलं होतं. आमच्याकडं माणूस गेलेल्या घरात चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भाकरी आणतात, घरच्यांना बळंच दोन घास भरवतात. तो घास घेतला की माणूस गेला हे घरानं मानलं असा त्याचा अर्थ. केशरबाईंनी ते प्रेमानंच आणलं होतं, वाटेत त्या रडल्याही होत्या. पण उंबऱ्यात येऊन बघतात तर आत चूल ढणढण पेटलेली.

"चूल इझवा वैनी," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"का बरं? पंधरा धपाटी व्हायचीत अजून."

"आसं करूने. बरं दिसत न्हाय."

"कुणाला?"

टोपली आत नेता येईना आणि परतही नेता येईना, कारण असं अन्न उंबऱ्यावरून माघारी न्यायचं नसतं. त्यांनी ती ओट्यावर ठेवली. त्यांच्यामागून दुसरी आली, तिसरी आली. दहापर्यंत ओट्यावर अकरा टोपल्या झाल्या आणि आतला धूर त्यांच्यावरून बाहेर येत राहिला. येणारा प्रत्येक जण आधी टोपल्यांकडं बघून चेहरा पाडायचा, मग धुराकडं बघून पुन्हा सावरायचा. बाया आपसात बोलू लागल्या. तिच्या डोक्यावर परिणाम झालाय, तिला रडवलं पाहिजे, असं ठरत होतं. दोघीतिघी आत जाऊन तिच्या गळ्यात पडून रडून आल्या. तिनं त्यांना पाणी दिलं.

खरं सांगायचं तर आम्हाला तिचा राग येऊ लागला होता. एवढी माणसं कामधंदा सोडून आलेली, आणि ही बाई एका शब्दानं साथ देत नाही. अंगणात कुणाला एका जागी बसवत नव्हतं. लोक उठून टीव्ही बघायला जायचे, विमान आणखी दोनदा पडलेलं बघून परत यायचे आणि दारातून चुलीकडं बघायचे.

तेवढ्यात सिदूला आणलं.

लांबून माणूस आणताना खरं सांगत नाहीत. सिदूला सांगितलं होतं, हरणाबाईला बरं नाही, लवकर चला. तो मोटरसायकलवरून उतरला तेव्हा त्याच्या खांद्यावर घोंगडं होतं, काठीही तशीच हातात होती. अकरा टोपल्या बघितल्यावर त्यानं ओट्याचा खांब धरला. कुणाकडं न बघता तो आत गेला, आणि आत त्याची बायको पिठाच्या हातांनी त्याच्याकडं बघत बसलेली.

सिदू हसला. मोठ्यानं, अगदी पोटातून हसला.

"हिला तर काय बी झालं न्हाय की!" तो बाहेर येऊन आम्हाला म्हणाला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसतच होता. "म्या वाटंत पार हिचं मरान डोळ्यापुढं बघितलो रं. आरं, बसलीय की धडधाकट! मग ह्ये पिठलं कुणाचं?"

अप्पांकडं त्या क्षणी बोलायची जबाबदारी होती, पण अप्पा फोनकडं बघत राहिले.

फोन वाजत होता. अप्पांनी नंबर बघितला आणि कापला.

"कुणाचा हुता?" आतून हरणाबाईनं विचारलं.

"बाहेरचा नंबर आहे. सकाळपासून चारदा आला. चॅनलवाले असतील, नाहीतर कर्जवाले. मी कापतोय, तुम्ही लक्ष देऊ नका."

हरणाबाई उठली. पिठाच्या हातानं तिनं पदर खोचला, ओट्यावर आली, आणि अप्पांच्या हातून फोन असा ओढून घेतला की अप्पा खुर्चीसकट वाकडे झाले. सिदू काय चाललंय ते विचारत होता, त्याला कुणी उत्तर देत नव्हतं. ती फोन दोन्ही हातांत धरून उभी राहिली. मधेच लातूरच्या पाहुण्यांचा आला, तो तिनं कापला. परत त्यांचाच आला, परत कापला. तिसऱ्यांदा लांबलचक आकड्यांचा आला. तिच्या पिठाच्या बोटानं तो उचलला जाईना. गुरुजींनी पुढं होऊन बटण दाबलं, स्पीकरचंही दाबलं.

"आये? कुणी फोन कापायलंय तिथं? कवापासून लावायलोय."

अंगणातल्या साठेक माणसांनी एकदम श्वास घेतला, तो फोनमध्येही गेला असणार.

"आये, टीव्ही बघू नको. इमान पाडलंय म्हणं एक, क्यांटीनात कळलं मला. त्ये कालचं हुतं. माझं आज रातच्याला हाय. म्हणलं तू घाबरशील, म्हणून सायबाच्या फोनवरून…"

"न्हाय घाबरले," हरणाबाई म्हणाली. तिनं खांब धरला होता, सिदूनं सोडला होता तोच.

इथं सगळं संपायला हरकत नव्हती. पण गुरुजी सवयीचे गुलाम. ते फोनजवळ वाकले.

"मल्हार, मी गुरुजी. तिकिटावर काय वेळ आहे, वाच बरं."

"मंगळवार, गुर्जी. शून्य शून्य चाळीस."

"म्हणजे कधी?"

"म्हंजी मंगळवारी रातच्याला, जिवूनखावून…" तो थांबला. पलीकडं कुणाच्या तरी भांड्यांचा आवाज येत राहिला. "गुर्जी, काल रातीला कंपनीची गाडी आल्ती दारात. लई हार्न वाजीवला. म्या म्हणलं दुसऱ्या कुणाला न्यायला आली आसंल. गेली मग." त्यानं तिकीट पुन्हा एकदा वाचलं. "गुर्जी, म्हंजी त्ये माझंच हुतं का?"

गुरुजींनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

"तुजं न्हवतं त्ये," हरणाबाई म्हणाली. "तुजं आसतं तर तू त्यात आसतास."

"आये…"

"आता इमानानं येऊ नको."

"मग कशानं येऊ? मदी समुद्र हाय."

"आसू दी. हाय तिथं बस चार दिस. आदी पोटात काय तरी घाल."

फोन बंद झाल्यावर सिदूला सगळं एकदम कळलं, मेलेला मुलगा आणि जिवंत मुलगा एकाच वेळी. तो ओट्यावर घोंगडं टाकून त्यावर आडवा झाला आणि आढ्याकडं बघत पडून राहिला.

मग अंगण मोकळं झालं. लोक एकमेकांना टाळ्या देऊ लागले. अप्पांनी जाहीर केलं की आपल्याला मनातून खात्रीच होती. रुद्रेश निळा रंग काढायला पळाला. सकाळी ठेवलेली स्टेटस भराभर निघाली. कोणीतरी म्हणालं, "एकशे सत्त्याऐंशी गेले, पण आपला वाचला." दुसरा म्हणाला, "मग एकशे शहाऐंशीच की." चॅनलवर अजून जुनाच आकडा चालला होता. आम्ही तो मनातल्या मनात दुरुस्त केला आणि टीव्ही बंद केले.

केशरबाईंनी तेवढ्यात आपली टोपली हळूच उचलली होती.

"केशरवैनी," हरणाबाई म्हणाली, "ती माघारी न्ह्याची नसती."

"आवं पर आता कशाला? आता काय घडलंच न्हाय की."

"काय घडलं न्हाय?"

केशरबाईंनी टोपली खाली ठेवली.

"समदी बसा," हरणाबाई म्हणाली. "आनलंय तर खावा. गुर्जी, ती यादी हाय न्हवं तुमच्यापाशी? तिच्यातली नावं वाचा. मल्हारचं सोडून."

"हरणाबाई, ही माणसं आपल्या ओळखीची नाहीत. कुठकुठली आहेत."

"त्येंच्या दारात आज कुनीतरी टोपली घिऊन हुबं आसंल. वाचा तुमी."

आम्ही बसलो. पत्रावळ्या नव्हत्या, भाकरीवरच पिठलं घेतलं. गुरुजी खुर्चीत बसून मोबाइल डोळ्यांजवळ धरून वाचू लागले. काही नावं त्यांना नीट वाचता येत नव्हती, ती ते दोनदा वाचत. एका आडनावाची पाच माणसं लागोपाठ आली, त्यातल्या शेवटच्या नावापुढं वय लिहिलं होतं, दोन. गुरुजींनी वय वाचलं नाही, बोट खाली सरकवून पुढचं नाव घेतलं. अप्पांच्या हातातला घास तसाच राहिला. कुणाचा तरी फोन वाजला आणि त्यानं तो न बघता बंद केला. एक दोघांना उठावंसं वाटत होतं, पण असं जेवण अर्ध्यावर सोडून उठायचं नसतं, म्हणून ते चुळबुळत बसले.

हरणाबाई वाढत होती. अकरा टोपल्या तिनं एकामागून एक रिकाम्या केल्या आणि उताण्या न ठेवता पालथ्या घातल्या. शेवटची भाकरी सिदूनं घेतली. तेव्हा गुरुजी एकोणचाळिसाव्या नावावर होते, आणि ते थांबले नाहीत.